मोल्डिंगवर रोबोट येतोय. ही यंत्रं मुळात निघाली कशासाठी, आणि मी आता काय शिकू?

गिरणाकाठ:
जळगाव एमआयडीसीत पाईप-फिटिंगच्या मोल्डिंगवर सहा वर्षं आहे. मोल्ड म्हणजे साचा उघडला की दार सरकवायचं, माल काढायचा, रनर (मालाला चिकटून येणारी प्लास्टिकची जादा काडी) तोडायचा, दार लावायचं. बारा तास हेच. शेठ दिवाळीनंतर दोन मशीनवर रोबोट बसवणार आहेत. पाळीत आम्ही चौघं. आयटीआय अर्धवट सुटलंय. माणसं कमी करायलाच हे यंत्र काढलं का? जाणकारांनी सांगा, घरी रोज विचारतात.

चोपडेकर:
भाऊ, बावीस वर्षं कारखान्यांत काढली, त्यातली शेवटची अकरा रोबोटसोबत. आता गावी केळी बघतो.

माझी सुरुवात प्रेशर डायकास्टिंगवर झाली, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात, म्हणजे डायमध्ये, भरून नग बनवायचे. डाय उघडली की सांडशीने नग ओढायचा, पाण्यात बुडवायचा, मागच्या माणसाकडे सरकवायचा. आत ओततात ते ॲल्युमिनियम साडेसहाशे अंशांच्या पुढचं. मे महिन्यात बाहेर ४५ आणि भट्टीशेजारी किती, ते कुणी मोजलं नाही. हातमोज्यांचा एक जोड महिनाभर पुरवायचा, फाटला तरी दुसरा मिळत नसे. उजव्या मनगटावर रुपयाएवढा डाग आहे, तो तिथलाच.

पुढे दुसऱ्या कंपनीत रोबोटच्या ट्रेनिंगला बसवलं, तेव्हा कळलं की जगातल्या पहिल्या कारखानी रोबोटला हेच काम दिलं होतं. १९६१ साल, अमेरिकेत ट्रेंटनजवळचा जनरल मोटर्सचा कारखाना, आणि डायकास्टिंग मशीनमधून तापलेले नग बाहेर काढायचे. जॉर्ज डेव्हॉलने १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता, जोसेफ एंगलबर्गरने त्यावर धंदा उभा केला. यंत्राचं नाव युनिमेट. वजन पावणेदोन टनांच्या पुढे, हात तेलाच्या दाबावर हलायचा, हालचाली चुंबकीय ड्रमवर साठवलेल्या. मी सांडशी धरायच्या कितीतरी वर्षं आधी ते काम यंत्राला जमलं होतं, आणि तरी माझं मनगट भाजलं. याचा मला आजही राग येतो. म्हणून रोबोटला सरसकट शिव्या देणं मला जमत नाही.

पण माणसं कमी होतात, हे खोटं सांगणार नाही. आम्ही पाळीत सहा होतो, तीन राहिलो. राहिलो ते पेंडंट हातात घेतलेले.

पेंडंट म्हणजे रोबोटला वाट शिकवायचा पाटीएवढा रिमोट. त्याच्या मागे तीन टप्प्यांचं बटण असतं. अर्धवट दाबून धरलं तरच रोबोट हलतो. सोडलं की थांबतो, आणि घट्ट आवळलं तरी थांबतो, कारण दचकलेला माणूस एकतर हात सोडतो नाहीतर मूठ आवळतो. शिकवताना वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. ग्रिपर, म्हणजे रोबोटचा पकडणारा पंजा, नगाजवळ न्यायचा, शेवटचं दोन सूत अंतर अगदी सावकाश, मध्ये कागदाचा कपटा धरून बघायचं, मग जागा सेव्ह करायची.

आमच्याकडे बसवायला आलेला इंजिनिअर हुशार होता. पण डाय थंड असताना पहिले दहा-बारा नग चिकटतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी ग्रिपर नगासकट अडकला. मी म्हटलं, साहेब, सुरुवातीचे नग हातानेच काढू द्या, डाय तापली की याला लावा. तसंच केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पेंडंट माझ्या हातात दिला.

अमळनेरचा:
आजोबा आमच्याकडच्या प्रताप मिलमध्ये मागावर होते, म्हणून लिहितो. यंत्राने आपलं आपण थांबणं रोबोटच्या आधीचं आहे. जपानमध्ये साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये असा माग काढला की ताण्याचा धागा तुटला की तो थांबे, आणि चालता चालताच धोटाही बदले. एका कामगाराकडे कितीतरी माग आले. आजोबा म्हणत, माग चालवणं सोपं, तुटलेला धागा शोधणं अवघड. दादा, त्या थंड डायची गोष्ट तीच आहे.

दीपनगर_वायरमन:
रोबोट एकटा येत नाही, सोबत पीएलसीचं, म्हणजे कुठलं यंत्र कधी चालू-बंद व्हायचं ते ठरवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं, पॅनल येतं. पूर्वी त्या जागी कपाटभर रिले, म्हणजे विजेवर चालू-बंद होणारे स्विच, असायचे. मॉडेल बदललं की सगळं वायरिंग पुन्हा. त्याला कंटाळून जनरल मोटर्सने १९६८ मध्ये रिलेला पर्याय मागितला, त्यातून मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. भाऊ, आधी इनपुट-आउटपुटचे दिवे वाचायला शिका. निम्मे बिघाड रोबोटचे नसतातच, दाराचा सेन्सर नाहीतर एखादी सैल वायर.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे आभार. दादा, आमची कंपनी लहान आहे, चाळीस माणसं. एवढ्याशा ठिकाणी शिकवतील का?

चोपडेकर:
लहान आहे म्हणूनच शिकवतील. स्वीडनच्या आसेआ कंपनीचा आयआरबी ६, मायक्रोप्रोसेसरवर चालणारा विजेचा रोबोट, १९७४ मध्ये पहिल्यांदा गेनार्प नावाच्या गावातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये बसला, स्टेनलेसच्या नळ्या पॉलिश करायला. लहान ठिकाणी वेगळा रोबोटवाला ठेवणं परवडत नाही, जो हजर तोच शिकतो.

तुमच्याकडे बहुधा मशीनच्या डोक्यावर बसणारा, रुळांवर सरकणारा, सक्शन कपवाला येईल. शेठना आजच सांगून ठेवा की बसवताना मला सोबत उभं राहू द्या. आणि आतापासून एक वही करा. कुठला मोल्ड किती वेळात उघडतो, कुठला नग कुठल्या बाजूला चिकटतो, पाळीच्या सुरुवातीला किती नग खराब जातात, रनर कुठे अडकतो. इंजिनिअर दोन दिवसांत निघून जातो. पहिल्या संध्याकाळीच ती वही त्याच्यासमोर उघडा, आणि काही अडलं तर इथेच लिहा, मी रात्री नऊनंतर बघतो.