अण्णांना गुंगीचं औषध सुरू करावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अण्णांना (वय ७४) फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. केमो बंद केलीय, घरीच असतात. मॉर्फिनने दुखणं आटोक्यात आहे, पण दम काही केल्या कमी होत नाही. मांडीवर उशी घेऊन पुढे वाकून बसतात, आडवं होताच येत नाही. रात्री भ्रम होतो, चादर ओढत राहतात. ऑक्सिजन, भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, सगळं करून झालं.

पॅलिएटिव्हचे (त्रास कमी करण्यावर भर देणारे) डॉक्टर म्हणाले, मिडाझोलम हे गुंगीचं औषध सिरिंज पंपावर लावू, शांत झोपतील. आईची तयारी आहे. काका म्हणतात, "झोपवून मारायचं, हेच ना?" भाऊ जर्मनीहून परवा पोचेल, म्हणतो, मी येईपर्यंत थांबा, मला बोलायचंय त्यांच्याशी. त्याचं चुकतंय असंही म्हणवत नाही. पण त्या रात्री काढायच्यात अण्णांना, त्याला नाही.

याने मरण लवकर येतं का? खाणंपिणं बंद म्हणजे उपाशी ठेवणं नाही का? आणि कायद्याचं काय? "देवावर सोडा" कृपया नको, ते बरंच ऐकून झालंय.

प्रतिसाद १:
ताई, मी पॅलिएटिव्ह विभागात नर्स आहे. इच्छामरणात मरण आणणं हाच हेतू असतो. इथे त्रास थांबेल इतकाच डोस, तोही बेताबेताने वाढवत. शेवटच्या दिवसांत असं रीतसर दिल्याने आयुष्य घटतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मॉर्फिन मात्र चालूच ठेवायला सांगा, मिडाझोलमने दुखणं थांबत नाही.

सलाईनचा निर्णय वेगळा असतो. शेवटी भूक आपसूक जाते, आणि जास्त पाण्याने घरघर वाढू शकते. ओल्या गॉजने ओठ, तोंड पुसत राहा.

सुप्रीम कोर्टाचे २०१८ आणि २०२३ चे निकाल व्हेंटिलेटरसारखे उपचार थांबवण्याबद्दल आहेत. दोन वैद्यकीय मंडळांची अट त्यासाठी. हा त्रासावरचा उपचार आहे. कारण, डोस आणि संमती कागदावर हवी, एवढं बघा.

भावासाठी: फक्त रात्री गुंगी देऊन सकाळी उतरू द्यायची, असंही करतात. डॉक्टरांना विचारा. व्हिडिओ कॉल मात्र आजच लावा, परवापर्यंत ते बोलू शकतील याची खात्री कोणीच देणार नाही.

आणि आई, काका, भाऊ सगळ्यांचं मत लिहिलंत, अण्णांचं नाही. त्यांना कोणी विचारलंय का?

धागाकर्ती:
नाही विचारलं. दुपारी चहाच्या वेळी शुद्धीत असतात. डॉक्टर चारला येणार आहेत, त्यांच्यासमोरच विचारते.