आईच्या मानेत डायलिसिसची नळी आहे, पावसाळ्यात इन्फेक्शन कसं टाळायचं?

गुहागरचो_झील: आईला आठवड्यातून दोनदा चिपळूणला नेतो. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी ऑपरेशनने जोडतात तो) अजून व्हायचाय, सध्या मानेत परमकॅथ म्हणजे ती नळी आहे. आमच्याकडे पाऊस असा की टॉवेलसुद्धा वाळत नाहीत, त्यात घामाने ड्रेसिंग कडेने सुटतं, आणि आई म्हणते डोक्यावरनं पाणी घेतल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. शिवाय सेंटरला एक बी-कावीळवाला (हिपॅटायटिस बी) पेशंट येतो असं कळलंय. काय काय बघायचं?

डायलिसिस_टेक_रत्नागिरी: दादा, डोक्यावरनं पाणी अजिबात नको, खांद्याखाली आंघोळ आणि मान ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. केस धुवायचेच तर मागे झुकवून दुसऱ्याने धुवायचे, ड्रेसिंगवर थेंब नको. ते ओलं झालं किंवा सुटलं तर पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका, त्याच दिवशी सेंटरला फोन करून बदलून घ्या, घरी वरून नुसती पट्टी चिकटवू नका. नळी जोडताना-काढताना आईला आणि सिस्टरला दोघींना मास्क हवा, ग्लोव्हज नवे हवेत आणि नळीची टोकं अँटिसेप्टिकने नीट घासून सुकू द्यायला हवीत. घाईत हेच राहतं, तेव्हा न लाजता आठवण करा, कोणी रागावलं तरी चालेल.

कुडाळची_वैनी: आमच्या ह्यांना मशीनवर असताना हुडहुडी भरून ताप आला होता, रक्तात इन्फेक्शन निघालं. थंडी वाजली की लगेच सांगायचं, घरी आल्यावर आली तरी क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चर घेतलं का ते विचारा, नाहीतर नेमका जंतू सापडत नाही.

डायलिसिस_टेक_रत्नागिरी: बरोबर बोललात वैनी. आता कावीळ बी. त्या पेशंटचं मशीन वेगळंच असायला हवं, शक्यतो खोलीही, कारण हा विषाणू सुकलेल्या रक्तात 7 दिवस तरी जिवंत राहतो. सेंटरला सरळ विचारा. आईची लस झाली का? डायलिसिसवाल्यांना डबल डोस लागतो, बहुतेक ठिकाणी 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी देतात, मग महिना-दोन महिन्यांनी टायटर (लसीने रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या ते) बघायचा, 10 mIU/mL च्या वर हवा. आणि फिस्टुलाचं लांबवू नका हो, नळीपेक्षा त्यात इन्फेक्शन खूपच कमी, पण तयार व्हायलाच दीड-दोन महिने किंवा जास्तही लागतात.

गुहागरचो_झील: लसीचं कोणी बोललंच नव्हतं! गुरुवारी जातोय, तेव्हा मशीनचं आणि फिस्टुलाच्या तारखेचं विचारून इथे टाकतो.

कुडाळची_वैनी: फिस्टुला होणार त्या हातातनं आतापासनंच रक्त काढू देऊ नका, सलाईनही नको.