'खाली' डिरेक्टरी म्हणजे कोणती?

दांडियाबाजार: सी ही संगणकभाषा शिकणाऱ्या मुलांसाठी रीडडिरच्या (डिरेक्टरी म्हणजे फोल्डर, त्यातल्या नोंदी एकेक वाचून देणारं फंक्शन) चाचण्या मराठीत लिहितोय. एक ओळ होती, 'डिरेक्टरी खाली असेल तर दोनच नोंदी याव्यात.' पुण्याच्या सहकाऱ्याने विचारलं, कशाच्या खाली? आम्हा बडोदेकरांचा डबा खाली असतो, रिक्षा खाली असते. तो म्हणतो, हे मराठीच नाही. काय लिहू?

रावपुरा: सरळ 'रिकामी' लिहा. आपल्याकडे गुजरातीमुळे तिसरा अर्थही आहे. 'खाली दोन नोंदी' म्हणजे फक्त दोन.

निजामपुरा: पण टिंब आणि दोन टिंबं, म्हणजे ती स्वतः आणि तिच्या वरची, अशा दोन नोंदी येतात ना? मग रिकामी कशी? मी एकदा शून्य धरून चाचणी लिहिली आणि अख्खी संध्याकाळ गेली. पॉसिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात, त्या दोघींची सक्तीही नाही, तेव्हा टिंबं वगळूनच मोजा. आणि एररनो, म्हणजे चुकीचा क्रमांक जिथे नोंदला जातो ते चल, आधी शून्य करा. यादी संपली तरी रीडडिर नल (म्हणजे 'काही नाही') देतं, चूक झाली तरी नलच.

अलकापुरी: माझं माहेर पुण्याचं. तिथले घरमालकही 'खोली खाली करा' म्हणतात, तेव्हा परका म्हणू नका. हा अरबी शब्द. दिशेचा 'खालीं' वेगळा, त्यावर अनुस्वार असे. 1962 च्या नियमांनी तो गेला आणि दोन्ही सारखे दिसू लागले.

रावपुरा: संस्थानं खालसा झाली तो शब्दही यातलाच. मुलूख खाली करून घेतला.

अलकापुरी: नाही हो काका, तो 'खालिस'वरून. निखळ सरकारी मालकीचा.

दांडियाबाजार: आजी फराळाचा डबा पालथा करून बुडावर थाप मारायची, 'झाला खाली.' 'रिकामा' मात्र माणसाला. 'रिकामा बसू नकोस, लसूण सोल.' म्हणून डिरेक्टरीला रिकामी म्हणताना हात अडतो.

सूरसागर: सोळा मात्रांच्या त्रितालात नवव्या मात्रेला खाली. टाळी न देता हात बाजूला जातो, पण मात्रा मोजायचीच. नुसती टिंबं उरलेल्या डिरेक्टरीला हाच शब्द शोभतो.

रावपुरा: आमचे मास्तर खालीला 'काल' म्हणत. शुद्ध मराठी तोच.

सूरसागर: मास्तर कुठले? इथे बडोद्यात 1886 साली गवई मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. आमच्या घरी तिथे शिकलेले आजोबा 'खाली'च म्हणत.

रावपुरा: मास्तर सांगलीचे. पण शिकवलं इथेच, चाळीस वर्षं.