स्पिटफायर मार्क नऊ : ब्रेक लावला की गरगर फिरतं, इंजिनही तापतं

सोनेगाव_१४ :
नमस्कार मंडळी. डीसीएस या संगणकावरच्या विमान सिम्युलेटरमध्ये मस्टँग हे लढाऊ विमान बऱ्यापैकी जमतं, आता स्पिटफायर नऊ शिकतोय. टॅक्सी करताना (जमिनीवर चालवताना) एकदा वळलं की वळतच राहतं, आणि ब्रेकचं बटण दाबलं की नाक जमिनीत. रनवेपर्यंत पोचेतो कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान ११० अंशांच्या वर जातं. हवेत गेल्यावर आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि बूस्टचा (इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) मेळ बसत नाही, थोड्या वेळात इंजिन खडखडून बंद. पेडल साधे आहेत, टो ब्रेक (पायाच्या बोटांनी दाबायचे ब्रेक) नाहीत. पेडल बदलावे लागतील का?

मर्लिन_६६ :
पेडल बदलू नका भाऊ, या विमानाला टो ब्रेक नव्हतेच. ब्रेक हवेवर चालतात. स्टिकच्या गोल कड्यावर सायकलसारखा लिव्हर असतो. तो जितका दाबाल तितका हवेचा दाब, आणि तो दाब कुठल्या चाकाला जाणार हे पाय ठरवतात. रडर (शेपटीचं, पायाने चालणारं सुकाणू) मध्यात असेल तर दोन्ही चाकांना सारखा, डावा पाय पुढे असेल तर डाव्याला जास्त.

आधी उभ्या विमानात हे करून बघा. पॅनेलवर तीन काट्यांचं प्रेशर गेज आहे, एक काटा साठ्याचा, दोन चाकांचे. लिव्हर अर्धा दाबून धरा आणि पाय सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. एका चाकाचा काटा पडतो, दुसऱ्याचा चढतो. पाच मिनिटं एवढंच करा. कुठल्या पायाला किती ब्रेक येतो हे नजरेत बसलं की अर्धं काम झालं.

आता गरगर का फिरतं. मस्टँगमध्ये स्टिक मागे असली की शेपटीचं चाक रडरबरोबर दोन्ही बाजूंना फक्त ६ अंश वळतं आणि विमान सरळ राहतं. स्पिटफायरचं चाक मोकळं फिरतं, त्याला लॉक नाही. वजनाचा मध्य पुढच्या दोन चाकांच्या मागे, म्हणून शेपटी एकदा बाजूला निघाली की आणखी बाहेर जायला बघते. त्यामुळे वळण पूर्ण व्हायच्या आधीच उलटा पाय द्या, मग लिव्हर हलका दाबून सोडा. आधी पाय, नंतर लिव्हर. स्टिक सगळा वेळ पोटाशी.

पण सारखी फुसफुस करू नका. लिव्हर सोडला की दर वेळी थोडी हवा बाहेर जाते, आणि कंप्रेसर इंजिनवर चालतो, आयडलला साठा हळूच भरतो. फ्लॅपही (उतरताना पंखाखाली उघडणाऱ्या झडपा) त्याच हवेवर आहेत.

नाक आपटतं ते बटणामुळे. बटण म्हणजे थेट पूर्ण दाब. ब्रेक अॅक्सिसवर (कमीजास्त दाबता येणाऱ्या नियंत्रणावर) घ्या, रिकामा स्लायडरसुद्धा चालेल.

बूस्ट_अधिक_७ :
इंजिनाचं मी सांगतो. शक्ती वाढवायची तर आधी आरपीएम, मग थ्रॉटल. कमी करायची तर आधी थ्रॉटल, मग आरपीएम. उलट केलं तर कमी आरपीएमवर जास्त बूस्ट बसतो, सिलिंडरमध्ये मिश्रण सावकाश न जळता स्फोटासारखं पेटतं. तुमची खडखड बहुतेक हीच.

मर्लिन ६६ म्हणजे या विमानाच्या इंजिनाचे आकडे (आरपीएम, आणि बूस्ट पौंडांत) कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. सतत चालवायला २६५० आणि +७. चढताना २८५० आणि +१२, एक तासापर्यंत. लढाईत ३००० आणि +१८, फक्त ५ मिनिटं. कूलंटची मर्यादा सतत १०५ अंश, चढताना १२५, लढाईत १३५.

टेकऑफला ३००० वर +७ ते +१२ पुष्कळ. +१८ एकदम दिला तर विमान डावीकडे झेपावतं, म्हणून रडर ट्रिम (रडर एका बाजूला कललेला ठेवणारं चाक) आधीच पूर्ण उजवीकडे.

जमिनीवर तापतं कारण रेडिएटरमधून वारा पुरेसा जात नाही. मिशनमध्ये आपल्या मे महिन्यासारखं ४४ अंश ठेवलं असेल तर आणखीच. रनवेजवळूनच सुरुवात करा, इंजिन चालू करून रेंगाळू नका.

सोनेगाव_१४ :
+१८ म्हणजे मस्टँगच्या गेजवरच्या इंचांत (पाऱ्याच्या) किती? आणि ब्रेकचा लिव्हर घरी बनवता येतो का?

बूस्ट_अधिक_७ :
सुमारे ६७ इंच. बूस्टचा शून्य म्हणजे साधारण ३० इंच, पुढे प्रत्येक पौंडाला २ इंच धरा.

तार_नि_सोल्डर :
येतो. सायकलच्या दुकानातून ब्रेक लिव्हर आणि केबल, शिवाय १० किलोओहमचा लिनिअर पोटेन्शिओमीटर (पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलणारा भाग) आणि अर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा सर्किट बोर्ड. हा बोर्ड संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसतो, साधा नॅनो तसा दिसत नाही. पॉटच्या कडेच्या दोन टोकांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड, मधलं टोक बोर्डच्या ए० पिनला.

केबल फार थोडी सरकते, पॉट मात्र पाऊण फेरी फिरतो. म्हणून पॉटवर लहान पुली बसवा, नाहीतर अॅक्सिसचा छोटासाच भाग वापरला जाईल. पुलीला परतीची स्प्रिंग हवीच. उन्हाळ्यातली धूळ पॉटमध्ये गेली की त्याचं रीडिंग थरथरतं आणि ब्रेक आपोआप किंचित लागून राहतो, तेव्हा जमलं तर हॉल सेन्सर (चुंबकाने हालचाल ओळखणारा) घ्या. पॉटच वापरत असाल तर सुरुवातीला ५ टक्के डेडझोन (जिथे हालचाल दुर्लक्षित होते तो भाग) ठेवा.

मर्लिन_६६ :
एक राहिलं. लिव्हरला पार्किंगची खिट्टी असते. ती लागलेली राहिली तर थ्रॉटल दिल्यावर शेपटी उचलते आणि प्रोपेलर जमिनीला लागतो. निघण्यापूर्वी गेजवर दोन्ही चाकांचे काटे शून्यावर आहेत ना, ते बघा.