‘बॅक्टेरियाचं कापड म्हणजे थेरं’ म्हणणाऱ्यांना

खारघरची आई:
काल तुर्भेकरांनी या चर्चेत लिहिलं, ‘चहात वाढवलेलं कापड ही पैसेवाल्यांची थेरं, पहिल्या पावसात चिखल होईल.’ रात्रभर डोक्यात तेच.
माझी लेक खारघरलाच फॅशन डिझाइन शिकते. मे महिन्यात तिने बाल्कनीत टबभर गोड चहा, थोडं व्हिनेगर आणि कोम्बुचाचं, म्हणजे आंबवलेल्या चहाचं, विरजण लावलं. घरभर आंबूस वास, चिलटं वेगळीच. तीन आठवड्यांत वर जाड सायीसारखा थर धरला. धुऊन फळीवर पसरला, वाळला तर पापडाएवढा पातळ. बॅक्टेरिया साखर खाऊन सेल्युलोज तयार करतात, कापसात असतं तेच. ना शेत, ना माग. लंडनच्या फॅशन डिझायनर सुझान ली यांनी २०११ च्या टेड भाषणात सांगितलं होतं, की निळीचा गडद रंग चढायला कापसाला १८ बुड्या लागतात, याला एकच. आणि रंगाचं पाणी काय करतं ते आपण पाहिलंय. २०१७ मध्ये तळोज्यात कासाडी नदीकाठची कुत्री निळी झाली होती. विसरलात?

तुर्भेकर:
ताई, मुलीचं कौतुक आहेच. पण मी ३१ वर्षं कापड रंगवणाऱ्या प्रोसेसिंग हाउसमध्ये काढली आहेत. तळोज्याचा तो कारखाना कापडाचा नव्हता, तो दाखला इथे आणू नका. आणि सुझानबाई त्याच भाषणात काय म्हणाल्या? हा ड्रेस घालून पावसात गेले तर तो पाणी पिऊन जड होईल, शिवणी सुटतील. मग आपल्या जुलैत काय होणार? पाणी अडवायला वर पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कोटिंग मारलं की झालंच प्लास्टिक. बायकोने असल्याच ‘व्हेगन लेदर’ची, म्हणजे नकली चामड्याची, पर्स घेतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात कपाट उघडलं तर पोपडे सुटून साड्यांना चिकटलेले. पैठणीच्या पदरावरचे अजून निघाले नाहीत.

नौपाड्याची मावशी:
नवीन कापड उगवायचंच कशाला? आहे ते टिकवा. माझ्या आईच्या नऊवारीची गोधडी ४० वर्षं अंगावर आहे. आज ठाण्यात साधं रफू करून मिळत नाही. स्टेशनजवळ एकाने एका भोकाचे दीडशे मागितले. कुडता चारशेचा!

शिंप्याचा मुलगा:
मावशी, दीडशे जास्त वाटले? रफूवाला त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढतो, ताणा-बाणा बघून एकेक धागा ओवतो. एका भोकाला तासभर जातो. माझ्या बाबांचे डोळे त्यातच अधू झाले. घासाघीस करणाऱ्यांमुळेच मी मशीन विकलं.

नौपाड्याची मावशी:
मी कधी कुणाचे पैसे बुडवले नाहीत. आवाज चढवू नका.

शिंप्याचा मुलगा:
बुडवले म्हटलंच नाही. कारागीर नाहीत म्हणून रडायचं आणि आहे त्याला महाग म्हणायचं, हे चालणार नाही.

नौपाड्याची मावशी:
धागा आतल्या शिवणीतून काढतात हे मला माहीत नव्हतं. तेवढं तुमचं खरं.

खारघरची आई:
रफूवर वेगळी चर्चा सुरू करा ना! तुर्भेकर, अंगावरच्या कपड्याचं सोडा. केरळात ‘मलाई’ नावाच्या कंपनीवाले वाया जाणाऱ्या नारळपाण्यावर हेच सेल्युलोज वाढवतात, त्यात केळीचे तंतू घालतात, बॅगा होतात. तुमच्या पर्सचं उत्तर तिथे आहे.

तुर्भेकर:
बॅग असेल तर मानतो. सदरा नाही, हे मात्र लिहून घ्या. तुमच्या टबातल्या तुकड्याचं जुलैत काय झालं?

खारघरची आई:
मऊ पडला, कडेला बुरशी आली. लेक रडली. मग तिने तो तुळशीच्या कुंडीत पुरला. दिवाळीला माती उकरली तर काही सापडलं नाही. तुमच्या पर्सचे पोपडे पुरून बघा.

तुर्भेकर:
ते राहतील, माहीत आहे मला. शिंपीदादा, पैठणीचा पदर बाबा बघतील का? पैसे सांगाल ते.