मदत हवी आहे: टिअरड्रॉप कॅम्परच्या मागच्या झाकणाला बिजागरी कुठली लावू?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. घरीच टिअरड्रॉप कॅम्पर (गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा झोपायचा छोटा ट्रेलर) बनवतोय, सांगाडा झाला, प्लाय झाला, आता मागचं झाकण, म्हणजे ज्याच्या खाली ओटा आणि शेगडी येणार ते, आणि तिथेच गाडी अडलीये. झाकण ४ फूट रुंद, वरून गोलाई, वजन साधारण १५ किलो.

आधी स्टीलची लांब पियानो बिजागरी आणून नुसती स्क्रूवर बसवून बघितली, उघडझाप एकदम मस्त, पण वरून तांब्याभर पाणी ओतलं तर पिनेच्या सांध्यातून थेंब थेंब आत, आणि प्लायची कड लगेच काळी पडली! आपल्याकडचा पाऊस माहितीये ना, दोन दिवसात प्लाय फुगेल.

बाहेरचे लोक हरिकेन हिंज वापरतात, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकतात, वरची पट्टी खालचीवर पन्हाळीसारखी येते म्हणून पाणी बाहेरच जातं. मला तीच हवीये. इथल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कोणी अशा पट्ट्यांचं सेक्शन एक-दोन नग काढून देतं का? की पियानो बिजागरीवरच रबराची पट्टी चिकटवून भागेल, कोणाची टिकलीये का पावसाळाभर?

अजून एक, अ‍ॅल्युमिनियमला साधे लोखंडी स्क्रू लावले तर सांधा गंजतो म्हणून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेणार आहे, बरोबर ना? आणि झाकण उचलून धरणारे गॅस शॉकर बिजागरीपासून किती लांब लावायचे, फार जवळ लावले तर बिजागरीच उपटेल अशी भीती वाटते. ज्यांनी हाताने केलंय त्यांनी प्लीज फोटो टाका.