ऑपरेशननंतर एमआरडी (मागे उरलेला, स्कॅनवर न दिसणारा रोग शोधणारी रक्तचाचणी) निगेटिव्ह आली, तर केमो टाळावी का?

थेंबभर_प्लाझ्मा (धागाकर्ता)
फुफ्फुसाच्या कॅन्सरात लोब (फुफ्फुसाचा एक भाग) काढला, कडा साफ, रिपोर्टवर आर-शून्य, म्हणजे कॅन्सर मागे उरलेला नाही. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या बऱ्याच पेशंटमध्ये रोग परततो, कारण आर-शून्य म्हणजे सूक्ष्मदर्शकाला दिसलं तेवढंच. केमो आजही स्टेज बघूनच ठरते. सिस्प्लॅटिनवर आधारित केमोने पाच वर्षांच्या जगण्यात मिळतो तो फायदा साधारण 5 टक्के. उरलेल्या 95 जणांपैकी काही ऑपरेशननेच बरे झालेले असतात, काहींचा रोग केमोला जुमानत नाही. उलट्या, बहिरेपणा, किडनीचा त्रास मात्र सगळ्यांच्याच वाट्याला येऊ शकतो.

गाठीच्या डीएनएचे रक्तातले तुकडे, म्हणजे सीटीडीएनए, काही तासांत नष्ट होतात. महिन्याभरानेही ते सापडले तर कुठेतरी जिवंत पेशी आहेत. लंडनच्या ट्रेसर-एक्स गटाने 2017 मध्ये दाखवलं की स्कॅनवर दिसण्याआधी मध्यक 70 दिवस रक्तात खूण मिळते. स्टॅनफर्डच्या अभ्यासात ती आघाडी 5.2 महिने होती. माझं मत: पॉझिटिव्हला केमो द्या, निगेटिव्हला सोडा.

कडेचा_हिशेब
पहिला अर्धा मान्य, दुसरा साफ अमान्य. पॉझिटिव्हला वजन आहे, निगेटिव्हला तेवढं नाही. आकडेमोड बघा.

दोन नळ्या रक्तातून 8 ते 10 मिलि प्लाझ्मा मिळतो. त्यातून 30 नॅनोग्रॅम डीएनए निघाला असं धरू. 1 नॅनोग्रॅममध्ये जनुकसंचाच्या सुमारे 300 प्रती, म्हणजे एकूण साधारण 10 हजार. या डीएनएत गाठीच्या डीएनएचा वाटा लाखात एक असेल, तर एका म्युटेशनच्या जागी अपेक्षा 0.1 रेणूची. 16 जागा तपासल्या तर 1.6. पण अशा चाचण्या सहसा किमान दोन जागांवर खूण मागतात. एक किंवा शून्य मिळण्याची शक्यता 52 टक्के. म्हणजे मशीन उत्तम, माणूस काटेकोर, तरी निम्म्याहून जास्त वेळा 'निगेटिव्ह'. रोग आहे, नळीत आला नाही, एवढंच.

शिवाय अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा प्रकार रक्तात फार कमी डीएनए सोडतो. त्याच ट्रेसर-एक्समध्ये ऑपरेशनआधी, अख्खी गाठ शरीरात असताना, स्क्वेमस या दुसऱ्या प्रकाराच्या 97 टक्के आणि अ‍ॅडिनोच्या 19 टक्के पेशंटमध्येच सीटीडीएनए सापडला. गाठ असताना दिसत नाही, तो गाठ काढल्यावर 'नाही' म्हणाला तर त्यात विशेष काय?

थेंबभर_प्लाझ्मा
तुमचा हिशेब बरोबर, आकडे जुने. आता पेशंटच्या गाठीचा अख्खा जीनोम वाचून सुमारे 1800 जागांवर नजर ठेवतात. तुमच्याच सूत्राने 1.6 ऐवजी 180 रेणू. त्याच गटाने 2025 मध्ये अशा चाचणीने अ‍ॅडिनोच्या 81 टक्के पेशंटमध्ये खूण दाखवली. आणि एका निगेटिव्हवर निकाल द्या असं मी म्हणत नाही, दर तीन महिन्यांनी करा.

नळी_क्रमांक_दोन
पहिल्या स्टेजच्या पेशंटमध्ये तोच आकडा 53 आहे, तोही लिहा की. बाकी तुम्ही दोघं रक्त काढण्याबद्दल काहीच बोलत नाही, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो.

ऑपरेशनच्या जखमेमुळे निरोगी पेशींचा डीएनए काही आठवडे रक्तात वाढलेला राहतो आणि गाठीचा अंश त्यात बुडतो. म्हणून रक्त साधारण चार आठवड्यांनी घ्यावं. पण पॅनेल (पेशंटच्या गाठीवरून ठरवलेली, रक्तात शोधायच्या म्युटेशनची यादी) बनवायलाच तीन-चार आठवडे जातात आणि केमो सहा ते आठ आठवड्यांत सुरू करायची असते. त्यामुळे पॅराफिन ब्लॉक (गाठीचा मेणात जपलेला तुकडा) पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येताच रवाना करा, रक्ताची वाट बघू नका. ऑपरेशनआधी केमो-इम्युनो देऊन गाठ पूर्ण विरघळली असेल, तर काढलेल्या लोबमधून पॅनेल बनणारच नाही. जुन्या बायॉप्सीचा ब्लॉक जपून ठेवलेला असावा लागतो.

साध्या ईडीटीए नळीतलं रक्त दोन-चार तासांत सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा करायला हवा. पांढऱ्या पेशी फुटल्या की त्यांचा डीएनए प्लाझ्मात मिसळतो. पेशी फुटू न देणाऱ्या स्ट्रेक नळीत ते 14 दिवस टिकतं, पण नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करा आणि बर्फात घालू नका. (कुरियरवाल्याला हे बजावून सांगावं लागतं, बर्फ म्हणजे काळजी असा समज आहे.) प्लाझ्मा दोनदा फिरवा: आधी 1600 जी, मग 16,000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट जोराने), दहा-दहा मिनिटं.

गाठीशिवाय केलेली, फक्त रक्तावरची चाचणी असेल तर पांढऱ्या पेशींचा डीएनएही वाचा. वय वाढलं की रक्तपेशींतच डीएनएमटी3ए, टेट2, कधी टीपी53 या जनुकांचे बदल साचतात आणि चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते.

सायकल_चार
मुद्दा नळीचा नाही, पुराव्याचा. चाचणी भविष्य सांगते. तिच्यावरून उपचार बदलल्याने माणूस जास्त जगतो हे फुफ्फुसात सिद्ध झालेलं नाही. आतड्याच्या कॅन्सरात 2022 च्या डायनॅमिक ट्रायलने दुसऱ्या स्टेजमध्ये केमो 28 वरून 15 टक्क्यांवर आणली, तीही निकाल न बिघडवता. पण आतड्याचा निकाल फुफ्फुसाला लावता येत नाही. फुफ्फुसात एमआरडी पॉझिटिव्ह पेशंटवर आखलेल्या मर्मेड ट्रायलची भरती लवकर थांबवली गेली.

ईजीएफआर जनुकात म्युटेशन असेल तर प्रश्नच वेगळा. अदौरा ट्रायलमध्ये तीन वर्षं ओसिमर्टिनिब घेणारे 88 टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, प्लासिबोवाले (औषध नसलेली गोळी घेणारे) 78. निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून ही गोळी कोण थांबवणार?

थेंबभर_प्लाझ्मा
ईजीएफआर आणि एएलके (ज्याच्यावरही वेगळी गोळी आहे असा जनुकबदल) बाजूला ठेवू, तिथे माझा आग्रह नाही. पण 75 वर्षांचा, किडनी अर्धवट चालणारा, दुसऱ्या स्टेजचा स्क्वेमस पेशंट घ्या. केमो द्यावी की नाही यावर आधीच दोन मतं आहेत. तिथे स्टेजपेक्षा ही चाचणी जास्त सांगते.

कडेचा_हिशेब
अशा काठावरच्या पेशंटमध्ये मीही चालवून घेईन. पण आधी रिपोर्टमधल्या, ऑपरेशनात काढलेल्या लिम्फ ग्रंथी मोजा. निदान सहा हव्यात, तीन मधल्या छातीतल्या, आणि त्यात सातवं स्टेशन (श्वासनलिकेच्या दुभाजकाखालच्या ग्रंथी) हवंच. नसतील तर ते आर-शून्य नव्हे, आर-अनिश्चित. तिथे निगेटिव्ह रक्तावर विसंबू नये.

नळी_क्रमांक_दोन
आणि पॉझिटिव्ह आलं की लगेच पेट स्कॅनवर उजळलेल्या पहिल्या ग्रंथीला कॅन्सर म्हणू नका. आपल्याकडे जुन्या टीबीच्या ग्रंथीही तशाच उजळतात. ईबसने (श्वासनलिकेतून केलेल्या सोनोग्राफीने) सुई घालून बघा. मेंदूचा कॉन्ट्रास्ट एमआरआय मात्र निगेटिव्ह रिपोर्टवरही सोडू नका. फक्त मेंदूत परतलेला रोग रक्तात फारसा डीएनए सोडत नाही.